मनोऱ्याआधी वाट आखा

पाणथळ जागेवर पक्षी पाहण्यासाठी मनोरा बांधायचे ठरले की चर्चा उंचीपासून सुरू होते. दोन मजली की तीन, आरसीसी की लोखंडी, वर पत्रा की कौले, पायऱ्या किती, हे आधी ठरते. अंदाजपत्रकही त्याच क्रमाने तयार होते. जागेचा विचार शेवटी होतो आणि तीही सोयीने निवडली जाते: जिथवर खडीचा ट्रक पोहोचतो आणि जिथून पाणी हाताच्या अंतरावर दिसते ती. हा क्रम मुळातूनच उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. पाणथळीतला मनोरा पक्ष्यांना सोसवणारा होतो की त्रासाचा, हे तीन गोष्टींवर ठरते. माणसे मनोऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने येतात, मनोरा पाण्यापासून किती मागे आहे आणि पावसाळ्यात पूर आल्यावर त्याचे काय होते. उंची या तिन्हींच्या मागून येते, आणि बहुतेक ठिकाणी ती आपण गृहीत धरतो त्याहून बरीच कमी पुरते.

हे म्हणणे तपासून पाहायला नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरइतकी चांगली जागा नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला गेला. हेतू सिंचनाचा होता. गोदावरीचे डावे आणि उजवे कालवे इथूनच निघतात आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगाव-राहात्याकडच्या शेतांना पाणी देतात. बंधाऱ्यामागे शंभर वर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणकणीस माजले, आणि सिंचनाच्या दृष्टीने जे नुकसान होते त्यातूनच पक्ष्यांचे घर उभे राहिले. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत २०१९मध्ये नोंद होऊन २०२०च्या जानेवारीत या पाणथळीचे नाव जाहीर झाले, तेव्हा ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली. रामसर क्षेत्र आहे सुमारे १,४३७ हेक्टर. 'महाराष्ट्राचे भरतपूर' हे तिचे जुने बिरुद. ऑक्टोबर सरता सरता तलवार बदके, थापटे, गडवाल, चक्रवाक उतरू लागतात. वारकऱ्यांचे काळे थवे पाण्यावर पसरतात. चित्रबलाक, चमचे, शराटी, शेकाटे आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर हाकेच्या अंतरावर असतात. चापडगावच्या बाजूने हिवाळ्यात पर्यटकांची रीघ लागते आणि निरीक्षणासाठी मनोरेही आहेत. रामसरचा शिक्का लागल्यावर इथे आणि राज्यातल्या इतर पाणथळींवर अशा बांधकामांची मागणी वाढत जाणार. म्हणून पुढचा मनोरा कसा असावा, हे आताच बोलायला हवे.

आधी पक्ष्याच्या बाजूने पाहू. उघड्या पाण्यावर तरंगणाऱ्या बदकाला धोका दोन ठिकाणांहून येतो: आकाशातून आणि काठावरून. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास सगळीकडचे दिसते, आणि क्षितिजावर हललेली आकृती त्याच्या सगळ्यांत आधी लक्षात येते. माणूस पाणकणसाच्या पार्श्वभूमीवर उभा असेल तर त्याची आकृती विरघळते. तोच माणूस बारा मीटर उंचीच्या उघड्या गच्चीवर हात उंचावून उभा राहिला की आकाशावर कोरल्यासारखा दिसतो. म्हणजे जी उंची आपल्याला दूरवरचे दाखवते, तीच उंची आपल्यालाही दूरवर दाखवते. साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांत असेही दिसले आहे की माणसाची नजर आपल्यावर रोखलेली आहे की दुसरीकडे, हेदेखील पक्ष्याला कळते आणि त्याप्रमाणे तो खाणे थांबवतो किंवा चालू ठेवतो. मनोऱ्यावरचा माणूस तर येतोच रोखून पाहायला.

थवा उडाला की पाहणाऱ्याला सुंदर देखावा मिळतो, छायाचित्रही मिळते. बदकाचे मात्र त्यात दुहेरी नुकसान होते: उडण्यात शक्ती खर्च होते आणि तेवढा वेळ खाणे बंद पडते. डिसेंबरात हे भरून निघते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते, तेव्हा दिवसातून दहा वेळा उठावे लागणे परवडत नाही. आपल्याकडे येणारे पक्षी ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावरून प्रवास करतात तो ३० देशांवरून जातो. त्यातला पट्टकादंब हिमालय ओलांडतो. त्या प्रवासाची शिदोरी आपल्या पाणथळींवर भरली जाते. एखादा थवा दर रविवारी दोनशे मीटर मागे सरकला तर नोंदवहीत काही घटलेले दिसत नाही, कारण पक्षी तिथेच असतात. पण चरण्याची उथळ जागा सोडून ते खोल पाण्यात ताटकळत राहिलेले असतात.

आता वाटेकडे येऊ. पक्ष्यांना सगळ्यांत जास्त बिथरवतो तो उघड्यावरून त्यांच्या दिशेने चालत येणारा माणूस. मनोऱ्यात पोहोचल्यावर माणसे एका जागी थांबतात, तुलनेने शांत होतात. पोहोचेपर्यंतचे शेवटचे दीडदोनशे मीटर मात्र ती बोलत, रंगीत कपड्यांत, काठाकडे तोंड करून चाललेली असतात. मनोरा कितीही हिरवा रंगवला तरी हे बदलत नाही. म्हणून वाट काठाला समांतर आखावी, थेट पाण्याकडे नको. तिच्या पाण्याच्या अंगाला माणसाच्या डोक्याहून उंच आडोसा असावा, आणि तो मनोऱ्याच्या दारापर्यंत कुठेही तुटू नये. नेदरलँड्समध्ये हारिंगफ्लीट खाडीकाठी २०१९ साली 'टाय' नावाची निरीक्षणशाळा उभी राहिली. ती सुरय पक्ष्याच्या अंड्याच्या आकाराची आणि बोरूने शाकारलेली आहे म्हणून गाजली. शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: आत जायची वाट बोगद्यासारखी झाकलेली आहे, त्यामुळे येणारा-जाणारा पक्ष्यांना दिसतच नाही. हाँगकाँगच्या माय पो पाणथळीत गेली कित्येक वर्षे खारफुटीतून तरंगती फळीवाट जाते आणि तिच्या टोकाला तरंगत्या, बसक्या निरीक्षण-झोपड्या आहेत. प्रवेश परवान्यानेच मिळतो. जगातल्या अतिशय दाट वस्तीच्या शहराला लागून असूनही तिथला चिखल हजारो पाणपक्ष्यांनी भरलेला राहतो. या दोन्ही ठिकाणी आधी वाटेचा विचार झाला आणि खोली तिच्या शेवटी आली.

वाट कशाची करायची, हेही इथेच ठरते. मुरूम टाकून भराव घालणे स्वस्त पडते आणि आपल्याकडे तेच होते. पण पाणथळीतला भराव म्हणजे लहानसा बांधच. एका बाजूचे पाणी दुसरीकडे जाणे थांबते, एकीकडे कुजते, दुसरीकडे आटते. शिवाय भरावावरून माणसांआधी कुत्री जातात. टिटवी, आर्ली, नदी सुरय हे पक्षी उघड्या जमिनीवर किंवा बेटावरच्या वाळूत अंडी घालतात, आणि भोवतालचे पाणी हीच त्यांची राखण असते. कोरडी वाट त्या राखणीत खिंडार पाडते. त्यामुळे शक्य तिथे जुना बांध, गाडीवाट, कालव्याची कड हेच वापरावे. नवी वाट अटळ असेल तर ती खांबांवर उचललेली असावी आणि खालून पाणी मोकळे वाहावे.

अंतराचा प्रश्न नांदूर मध्यमेश्वरला विशेष अवघड आहे, कारण इथे काठ एका जागी राहतच नाही. वर गंगापूर आणि दारणा यांसारखी धरणे आहेत, खाली कालव्यांची आवर्तने. आवर्तन सुटले की पाणी उतरते, वरून सोडले की चढते. तळ उथळ असल्याने पातळीत थोडा फरक पडला तरी काठ पुष्कळ सरकतो. उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर होते आणि पाऊलभर पाण्यात शेकाटे, तुतारे चरत असतात. अशा जागी आज काठावर बांधलेला मनोरा काही आठवड्यांनी एकतर कोरड्या गाळात एकटा उभा असतो, नाहीतर पाण्याने वेढलेला असतो. पहिल्या स्थितीत पर्यटक पायऱ्या उतरून गाळातून पुढे जातात, कारण पक्षी पुढे गेलेले असतात, आणि जे टाळायला मनोरा बांधला तेच घडते. एकाच पक्क्या मनोऱ्यावर भिस्त ठेवणे हीच इथली चूक ठरेल. एक लहान, मागे हटलेला, थोडा उंच मनोरा दूरवर पाहण्यासाठी असावा. आणि त्याच्या जोडीला बांबूच्या ताटव्यांचे, भोके ठेवलेले दोन-तीन हलते आडोसे पाण्याच्या पातळीप्रमाणे पुढे-मागे नेता यावेत.

किती मागे, याचे एक उत्तर कायद्याच्या अंगानेही मिळते. पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम, २०१७ यांत मागच्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. अपवाद आहे तो बोटींच्या धक्क्याचा. निरीक्षण मनोऱ्याचा नाही. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असतो आणि कोणत्या जागेला कोणता नियम लागतो यावर वकील वाद घालू शकतील. पण रामसर जागेवर खुद्द वनविभागाने या ५० मीटरांचा मान राखणे एवढे तरी अपेक्षित आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने पाहिले तर ५० मीटर हे किमान आहे. कोणती जात किती अंतरावर उडते हे जातीप्रमाणे, थव्याच्या आकाराप्रमाणे, तिथे शिकार होते का यावर बदलते. मोठा थवा लहान थव्याहून आधी उडतो, कारण त्यातला सगळ्यांत भित्रा पक्षी सगळ्यांना उठवतो. तेव्हा अंतर पुस्तकातून उचलू नये. आराखड्याच्या आधी एक हिवाळा प्रत्यक्ष जागेवर मोजून ते ठरवावे.

मागे गेल्यावर पक्षी लहान दिसतील हे खरे. त्यावर उपाय दुर्बिणीचा आहे, आणि प्रकाशाचाही. त्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. हिवाळ्यात आपला सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण अंगाने फिरतो. मनोरा पाण्याच्या दक्षिण काठावर, उत्तरेकडे तोंड करून असेल तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि समोरच्या पक्ष्यावर पडतो. रंग स्वच्छ दिसतात, दोनशे मीटरवरचा थापट्या ओळखता येतो आणि पाहणाऱ्याला पुढे सरकायचा मोह होत नाही. उलट तोंडाच्या मनोऱ्यात पाणी चकाकते, पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि माणसे चांगल्या कोनासाठी कठड्याबाहेर झुकू लागतात. याच्या जोडीला मागची भिंत बंद हवी. मागून उजेड आला तर खिडकीतले डोके छायाकृतीसारखे उठून दिसते. आत अंधार असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. उघड्या गच्चीऐवजी डोळ्यांच्या पातळीवर आडव्या फटी, त्याही दोन उंचींवर, एक उभ्याने पाहणाऱ्यासाठी आणि एक मुलांसाठी व चाकाच्या खुर्चीवरच्यांसाठी. काच नको, पक्षी तिच्यावर आपटतात. लोखंडी चेकर प्लेटची जमीनही नको, कारण तिच्यावरचे प्रत्येक पाऊल पाण्यापर्यंत ऐकू जाते.

बांधणीत दोन गोष्टी निफाडच्या मातीतूनच पुढे येतात. पहिली ती माती स्वतः. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पाया हलवते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे मोठा खड्डा खणून काँक्रीटची जाड गादी भरणे. त्यात काठच उकरला जातो, सिमेंटचे पाणी उथळ पाण्यात उतरते आणि बांधकाम पुढे कधी हलवायचे तर ती गादी कायमची मागे राहते. काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कांद्यासारखे फुगीर खांब कित्येक दशकांपूर्वी रूढ केले. त्यात खणणे थोडे आणि भार खोल, न हलणाऱ्या थरावर जातो. माती तपासून जमत असेल तर मळसूत्री पोलादी खांब त्याहून बरे. ते जमिनीत पिळून बसवतात आणि काम संपले की उलटे पिळून काढता येतात.

दुसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून दोन लाख क्युसेकहून अधिक पाणी जायकवाडीकडे सुटले. अशा पुरात नुसते पाणी येत नाही. नाशिकपासून वाहत आलेल्या पाणवेलींचे गालिचे, झाडांच्या फांद्या, प्लास्टिक सगळे येते आणि जिथे अडेल तिथे साचते. खांबांच्या दाट रांगा आणि त्यांच्यामधल्या तिरक्या लोखंडी पट्ट्या म्हणजे या कचऱ्यासाठी गाळणी. गाळणी तुंबली की पाण्याचा सगळा दाब बांधकामावर येतो. म्हणून पूरपातळीच्या खाली खांब थोडे, गोल आणि पट्ट्यांविना असावेत. बाकीचा मनोरा, म्हणजे भिंतींचे ताटवे, जमिनीच्या फळ्या, छप्पर, हे बोल्टने जोडलेले असावे आणि जूनमध्ये उतरवून ठेवावे. पाहुणे पक्षी ऑक्टोबरात येतात आणि मार्चअखेर जातात. मधल्या पुराच्या महिन्यांत मनोऱ्याने तिथे पूर्ण उभे राहण्याचे कारणच नाही. ही कल्पना या मुलखाला नवी नाही. जोंधळा निसवला की शेतात माळा उभा राहायचा आणि सुगी संपली की त्याचे बांबू घरी परत जायचे. हंगामापुरते उभे राहणारे बांधकाम आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात. 'नैसर्गिक' दिसणे आणि निरुपद्रवी असणे यांत गल्लत होते. तांबे-क्रोम-आर्सेनिकचे मिश्रण पाजलेले लाकूड टिकते, पण त्यातले आर्सेनिक पावसाबरोबर झिरपते. ते पाण्यावर वापरू नये. बोरॅक्सने प्रक्रिया केलेला बांबू निर्धोक असला तरी पाण्याने त्यातले औषध धुऊन जाते, म्हणून तो छपराखाली आणि जमिनीपासून वर असेल तरच टिकतो. सिमेंटच्या खांबाला झाडाच्या खोडाचा आकार देऊन रंगवण्यात तर माणसाच्या डोळ्यांचे समाधान होते, पाणथळीला त्याचा उपयोग शून्य. छताला कडा आणि कळस नकोत. घारी-कावळ्यांना ते बसायला मिळतात आणि तिथून जमिनीवरची घरटी हेरली जातात. टिटवीसारखे पक्षी उंच वस्तूंच्या आसपास अंडी घालायचे टाळतात, हे अनेक देशांतल्या ओल्या गवताळ जागांवर दिसून आले आहे. आणि दिवा एकही नको, सौर असला तरी. कित्येक बदके रात्री चरतात. त्यांच्या चरण्याच्या जागेवर उजेड पाडून आपल्याला काय मिळणार?

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप वजनदार आहे: उंची नसेल तर पाणकणसाच्या वरून दिसणार कसे? पाणकणीस दोन-तीन मीटर वाढते, जमिनीवर उभ्या माणसाला पलीकडचे पाणी दिसत नाही. हे मान्य. पण त्यासाठी पायाखालची फळी जमिनीपासून तीनेक मीटरवर असली की पुरते, आणि काठावरचा नैसर्गिक उंचवटा किंवा जुना बांध निवडला तर त्याहूनही कमी. त्याच्या पुढचे मजले पक्षी पाहण्यासाठी लागत नाहीत, देखाव्यासाठी लागतात. इथे जागेजागेचा फरकही ध्यानात घ्यायला हवा. गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात मनोरा खारफुटीच्या गर्दीत आहे. तिथे झाडेच त्याला झाकतात, म्हणून उंची खपते. नांदूर मध्यमेश्वरच्या, उजनीच्या किंवा जायकवाडीच्या उघड्या, सपाट काठावर असे पांघरूण नाही. वनरक्षकाला शिकार आणि मासेमारीच्या जाळ्यांवर लक्ष ठेवायला उंची हवी, हेही बरोबर. त्यासाठी एका माणसापुरती सडपातळ चौकी आतल्या बाजूला वेगळी करावी. गस्तीची गरज दाखवून पन्नास पर्यटकांची गच्ची मंजूर करून घेणे योग्य नाही. राहिली गणना. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७पासून दर जानेवारीत होते आणि तिचे बहुतेक काम काठावर उभे राहून, दुर्बिणीने झाले आहे.

दुसरा आक्षेप नेहमी ऐकू येतो: पक्ष्यांना माणसांची सवय होते. शेतकरी त्यांच्या शेजारी दिवसभर राबतो, गुरे पाण्यात उतरतात, तरी बगळे हलत नाहीत. निरीक्षण खरे आहे. पण सवय होते ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने, दुसऱ्याच कामात गुंतलेल्या माणसाची. दर अर्ध्या तासाने बदलणारा, बोट दाखवणारा, मोबाइल उंचावणारा घोळका त्यात बसत नाही. शिवाय ज्यांना सवय झाली ते पक्षी आपल्याला दिसतात. ज्यांना झाली नाही ते आधीच निघून गेलेले असतात, म्हणून दिसणाऱ्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. चिलिकाकाठच्या मंगलाजोडीचे उदाहरण या बाबतीत दिले जाते. तिथे पक्षी नावेच्या अगदी जवळ राहतात हे खरे आहे. पण त्यामागे गावाने शिकार सोडली आणि पूर्वीचे शिकारीच राखणदार झाले ही वर्षांची मेहनत आहे. पर्यटकही तिथे बसक्या नावेतून, माहीतगार माणसाच्या हातच्या काठीने, सावकाश जातात. सवयीवर भरवसा ठेवायचा असेल तर आराखड्याने माणसांची ये-जा तितकीच ठरावीक आणि शांत करायला हवी, म्हणजे पुन्हा वाटेचाच मुद्दा आला.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो गावाच्या पोटाशी संबंधित आहे. मनोरा म्हणजे पर्यटन, पर्यटन म्हणजे रोजगार. बसका आडोसा पाहायला कोण येणार? अभयारण्याने परिसरातल्या गावांवर बंधने आणली, तर बदल्यात काही मिळायलाच हवे, यात शंका नाही. पण पैसा जातो कुठे ते पाहा. आरसीसी मनोऱ्याचा खर्च एकदाच होतो, बाहेरच्या कंत्राटदाराकडे जातो आणि नंतर त्यावर चढायला कोणाचीही गरज लागत नाही. हंगामी मनोरा दर ऑक्टोबरात उभारावा लागतो, जूनमध्ये उतरवावा लागतो, ताटवे दरवर्षी विणावे लागतात, आडोसे पाण्यामागे हलवावे लागतात. हे सगळे काम चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीच्या हातांचे आहे. मागे हटलेल्या मनोऱ्यात दुर्बीण लावून देणारा आणि समोर काय आहे ते सांगणारा स्थानिक मार्गदर्शक लागतोच, आणि इथल्या तरुणांनी ते काम शिकूनही घेतले आहे. वीस-वीसच्या तुकड्या केल्या तर त्यांना दिवसभर काम मिळते. पक्षी शांत बसून पाहायला मिळाले तर माणूस दोन तास थांबतो, जेवतो, पुन्हा येतो. चहा-भज्यांची टपरी मात्र प्रवेशद्वारापाशीच असावी. मनोऱ्याशी खाणे पोहोचले की कुत्री आणि कावळे पाठोपाठ पोहोचतात. म्हातारी माणसे, लहान मुले, चालता न येणारे यांचा विचार केला तर तीन मीटरचा, उताराच्या वाटेने गाठता येणारा मनोरा साठ पायऱ्यांच्या मनोऱ्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांचा आहे.

कोणी असेही म्हणेल की ही पाणथळच माणसाने केली, बंधारा काँक्रीटच्या मनोऱ्याहून मोठा आहे, मग एवढे सोवळे कशाला? बंधारा आला तेव्हा इथे ही पक्षीसृष्टी नव्हती. ती नंतरच्या शंभर वर्षांत गाळ, उथळ पाणी आणि निवांतपणा यांवर जमली. गाळ आणि उथळ पाणी सिंचनाच्या गरजेवर अवलंबून आहेत, ते वनविभागाच्या हातात पुरते नाहीत. निवांतपणा तेवढा आपल्या हातात आहे.

अडचण खरी आहे ती पैशाच्या रचनेची. सरकारी निधी बांधकामाला मिळतो, देखभालीला मिळत नाही. दरवर्षी उतरवायच्या मनोऱ्याला कोणते लेखाशीर्ष लावायचे, हा प्रश्न कचेरीत नक्की विचारला जाईल. म्हणून सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच दहा वर्षांच्या उभारणी-उतरवणीची रक्कम धरावी आणि ती गावपातळीवरच्या समितीच्या खात्यात ठेवावी. त्यातच मनोरा कायमचा काढून नेण्याचा खर्चही धरावा. बांधण्याआधी दोन हिवाळे आणि बांधल्यावर दोन हिवाळे, त्याच जागी, त्याच वेळी, थवे काठापासून किती अंतरावर चरतात याची नोंद ठेवायची अट कामाच्या मंजुरीतच असावी. अंतर वाढले तर मनोरा आणखी मागे न्यायचा. तो बोल्टचा आणि मळसूत्री खांबांचा असेल तर हे काही दिवसांचे काम आहे. कामाचा क्रमही यातूनच ठरतो. वाटेच्या आडोशाला उंच झाडे लावून चालणार नाही, त्यांवर शिकारी पक्षी बसतील. निरगुडीसारखी दाट झुडपे आणि त्यांच्यापुढे पाणकणसाचा पट्टा हवा. ती झुडपे माणसाला झाकण्याइतकी वाढायला निदान दोन पावसाळे लागतात, आणि आधीच्या दोन हिवाळ्यांची मोजणीही तेवढ्याच काळात पुरी होते. तेव्हा पहिला कार्यादेश रोपवाटिकेच्या नावाने काढावा आणि खांबांची निविदा त्यानंतर दोन वर्षांनी.